डावं मोकळं

प्रिय ठके,

तुझ्या बापाचं लायसन्स गेलं, हे त्याने तुला कळवलंच असेल. गेलं म्हणजे कायमचं नव्हे, तीन महिन्यांसाठी निलंबित. हा शब्द मी आजवर लाच खाणाऱ्यांसाठीच ऐकला होता. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, तेव्हा काना-मात्रा मोजत बसू नकोस. फोनवर बोलले असते, पण भिंती पातळ आणि तो दिवसभर घरात. बाप्या माणूस दिवसभर घरात म्हणजे दळण संपल्यावर जातं फिरवत बसल्यासारखं.

मला वाटायचं, लायसन्स काढून घ्यायला कोर्ट लागेल, वकील लागेल. काही लागत नाही. पोलिसाने ते रस्त्यावरच खिशात घातलं आणि सायकल स्टँडवर देतात तशी पावती हातात ठेवली. मग परिवहन कार्यालयातून कागद आला, तुमचं लायसन्स का निलंबित करू नये ते येऊन सांगा. आम्ही दोघं गेलो. साहेब पोरगेलासा होता, सारखा नाक ओढत होता. तुझ्या बापाने मान खाली घालून सांगितलं की गाडी चालवताना फोनवर बोलत होतो. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो साहेब, बोलत होता. त्याने लिहून घेतलं. वर म्हणाला, आजी, निदान तुम्ही तरी खरं बोललात.

गाडीत बसलं की तुझा बाप फोन बंद करून जेवणाच्या पिशवीत टाकतो. त्यावरून तू त्याला किती बोलली आहेस! एकदा तर म्हणालीस, बाबा, मी मेले तरी तुम्हाला शाळा सुटल्यावर कळेल.

शाळेच्या गाडीत पोरं उतरवायला एक बाई लागते, असा त्यांचा नियम. आधीची बाई लग्न करून गेली, तेव्हा त्याने मलाच पुढे बसवलं. लोक म्हणाले, आईला पगारी केलं, बेरकी आहे. मी पण तेच समजत होते. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, आई, वळायच्या आधी डावीकडे बघून सांगत जा, मोकळं आहे का. म्हटलं, तुझे डोळे काय भाड्याने दिलेत? हसला. मी सांगायला लागले. वळण आलं की मी ओरडायची, डावं मोकळं! पोरांना त्याची गंमत वाटायची. मागून सगळी वरात ओरडायची, डावं मोकळं, डावं मोकळं.

मला कळायला वेळ लागला. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला की तो सांडायचा. माणूस त्या बाजूने आला की दचकायचा. समोरचं बघताना मान कोंबडीसारखी तिरकी. मागच्या खेपेला तूच विचारलं होतंस, तर म्हणाला मान आखडली आहे. तू तिकडे दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस आणि घरच्याला मानेला लावायचं मलम देऊन गेलीस. तुला बोल लावत नाही. आई असून मी तरी काय केलं? शेजारी बसून त्याचा डावा डोळा झाले. पोराचं काम चालू राहिलं, एवढंच बघितलं.

त्या दिवशी मी मागे वळून एका पोराचं नाक पुसत होते. पुढचं वळण कापडाच्या दुकानापाशी. मागच्या बाकावरची ती पुढचे दात पडलेली पोरगी हुबेहूब माझ्या आवाजात ओरडली, डावं मोकळं! आणि त्याने वळवली. पाववाला सायकलवर होता. सगळे पाव रस्त्यावर पसरले. आवाज फार नाही झाला. पोरं रडली नाहीत, त्यांना वाटलं गाडी खड्ड्यात गेली. मीही रडले नाही. खाली उतरून पाव गोळा करत बसले. पाववाला तिथेच पडलेला, माणसं त्याला उचलत होती, आणि मी पाव झटकून टोपलीत भरत होते. लोकांनी मला हाताला धरून बाजूला बसवलं.

पाववाला वाचला. मांडीत सळई घातली आहे. पोरीला काही ठाऊक नाही आणि कोणी सांगायचंही नाही.

फोन सांगितला की तीन महिने, डोळा सांगितला की कायमचं. तुझ्या बापाने हा हिशेब रस्त्यावरच केला होता. कार्यालयाच्या जिन्यात मला एवढंच म्हणाला, आई, फोन. मी समजले.

आता तो रोज सकाळी अंगणात गाडी धुतो आणि बंद गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. काल मी चहा घेऊन गेले. डाव्या खिडकीशी उभी राहिले. हाक मारली नाही. चहावर साय धरली तरी त्याने मान वळवली नाही. मी कप घेऊन परत आले.

हे पत्र कशासाठी, ते सांगते. मुदत संपत आली. शाळेची गाडी परत हवी तर डोळे तपासल्याचा दाखला आणा, असं साहेबाने बजावलं आहे. परवापासून तो म्हणतोय, ठकीकडे जाऊन येतो, फार दिवस झाले. येईल तो. तुझ्या आवडीचं काहीबाही आणेल, लहानपणीचं बोलेल, आणि मग दाखला मागेल. त्याला खुर्चीत बसव, उजवा डोळा झाक आणि मान सरळ धर. जे दिसेल तेच लिही. तो चिडेल, मुलगी उलटली म्हणेल. म्हणू दे. माझं नाव सांग. हेही सांग की आई आता डाव्या बाजूला बसणार नाही.

तुझीच,
म्हातारी