भरलेले कपडे

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय दांडगोबा,

अनेक आशीर्वाद. मोठी बहीण असल्याचा एवढाच फायदा उरलाय, तो मी सोडणार नाही. आम्ही दोघी आहोत तशा आहोत. धरणाचं पाणी, तुझं पोट आणि तुझे साहेब, तिन्ही आपापल्या पातळीवर असतील अशी आशा करते.

पत्र बघून दचकला असशील. फोन हाताशी असताना ताईला कागद कुठून सुचला? सांगते. मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की आई हल्ली शेजारी येऊन बसते. मी खोली बदलली की तीही बदलते. आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्यादेखत सांगता येत नाही. मागे तू विचारलंस, आई कशी आहे, येऊन जाऊ का, तेव्हा मी म्हटलं, मजेत आहे, उगाच सुट्टी वाया घालवू नकोस. ते खरं नव्हतं. आई बरी नाही. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, जेवते, हिंडते-फिरते. डॉक्टरांकडे नेलं तर ते मलाच गोळ्या देतील. पण ती आपल्या हातून सुटत चालली आहे आणि तिला धरून ठेवणं माझ्या एकटीच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला हसू येईल. मलाही आलं होतं.

जंगलातली ती मालिका तू पाहिली नसशील. गावातला एकेक माणूस जंगलात जातो आणि परत येत नाही. शोधायला गेलेल्यांना तो लांबून झाडांमध्ये पाठमोरा उभा दिसतो. त्यांना गावात ‘उभे’ म्हणतात. जवळ जायची कुणाची छाती होत नाही, म्हणून तर तिचे इतके भाग निघाले. आई दुपारी तिचे जुने भाग बघते. एक दिवस मी दुकानातून जेवायला घरी आले, तर ताट वाढता वाढता ती म्हणाली, “बाबा दिसले आज.”

मला वाटलं, स्वप्नात. मी म्हटलं, “काय म्हणत होते?”

“बोलतायत कशाला? टीव्हीत होते. झाडापाशी.”

तिने तो भाग परत लावला, नेमक्या जागी थांबवला. मागच्या रांगेत, धुक्यात, एक उभा. विटकरी स्वेटर. आणि डावी बाही आखूड. तुला आठवत असेलच, छापखान्यात हात अडकला तेव्हापासून बाबांचा डावा हात कोपरात कधी सरळ झाला नाही, म्हणून आई त्यांच्या प्रत्येक स्वेटरची डावी बाही चार बोटं आखूड विणायची. तसा स्वेटर दुसरं कोणी कशाला विणेल?

तो तिथे कसा पोचला हे कोडं नाही. बाबा गेल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, तू त्यांचं कपाट रिकामं केलंस आणि गाठोडी जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन आलास; मालिकावाले तसल्याच दुकानांतून कपडे उचलायचे. मी तेव्हाही तुला दुवा दिला होता आणि आजही देते. ते काम माझ्याच्याने झालं नसतं. आई तेव्हा एक शब्द बोलली नाही. आताही तुझ्यावर रागावलेली नाही, एवढं लक्षात ठेव.

तर आम्ही जंगल बघायला गेलो. मालिका संपली, पण लोक अजून ती जागा बघायला येतात, त्यांची बस असते. आमच्या बसमध्ये मालिकेची टोपी घातलेलं एक जोडपं होतं, त्यांना सगळे संवाद पाठ. जागा दाखवणारी बाई गळ्यात छोटा कर्णा अडकवून होती. उतरल्यावर तिने नियम सांगितले. पायवाट सोडायची नाही. उभ्यांना हात लावायचा नाही. एखादा आडवा पडलेला दिसला तर उचलायचा नाही, आमचा माणूस येऊन बघेल.

तिथली झाडं सरळसोट आहेत, खालून अर्ध्यापर्यंत फांदीच नाही. जमिनीवर भिजून कुजलेल्या पानांचा इतका जाड थर की बसभर माणसं चालत होती आणि पावलांचा आवाज म्हणून नव्हता. आधी सगळे खिदळत होते. मग कुणी न सांगता आवाज खाली आले, त्या टोपीवाल्यांचेसुद्धा. आणि मग एक उभा दिसला. गंमत अशी की एक दिसला की पुढे दिसतच राहतात. आत्तापर्यंत जिथे नुसती झाडं बघत होतो तिथे माणसं आहेत हे कळतं, आणि ती मघापासूनच तिथे होती हेही कळतं. कपड्यांत पेंढा भरलेला, तोंडाच्या जागी गोणपाट. अंगावर शेवाळ. भर दुपारची वेळ होती, तरी मी आईचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला आणि पायवाट सोडली. शोधत नव्हती ती. ओळखीच्या दुकानात शिरावं तशी सरळ आत गेली, आणि मी मागे.

तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. अंगाचा भार उजव्या पायावर, डावा हात कोपरात मुडपून पोटाशी. बाबा बसची वाट बघताना उभे राहायचे तसा. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात गेलं. कुणाचा कुठला कान वर आणि कुठला खाली, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. याला कान नव्हते, नाक नव्हतं, काहीच नव्हतं. तरी मला ओळख पटली. आई वळसा घालून समोर गेली. त्या गोणपाटाकडे बघून म्हणाली, “किती वाळलात हो.” आणि वर सरकलेला स्वेटर तिने दोन्ही हातांनी खाली ओढून नीट केला.

मागून कर्ण्यावर हाक आली, “ताई, वाटेवर या.” मी वळून हात केला. परत पाहिलं तेव्हा त्याची मान आईच्या बाजूला थोडी झुकलेली होती. ओलाव्याने पेंढा बसतो, मला कळतं. आईने ओढला तेव्हा हलला असेल.

हे पुतळे करणारा माणूस फाटकाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, कपडेपट सांभाळायचा. त्याला सगळे मास्तर म्हणतात. गप्पिष्ट, पण कामाबद्दल बोलताना गंभीर. मी विचारलं, हात मुडपायचं तुम्हाला कसं सुचलं? तो म्हणाला, “आम्ही काही सुचवत नाही. नवा कपडा भरला तर उशी होते. वापरलेल्या कपड्यात माणूस असतो. पायापासून सुरुवात करायची, कपडा घेईल तेवढंच भरायचं, डोकं शेवटी. मग तो त्याचा तो उभा राहतो.” आईने स्वेटर मागितला तेव्हा तो लगेच काढून द्यायला उठला. हिशोबात एक कमी दिसला तर दिसला, म्हणाला. पण आई म्हणाली, “नुसता स्वेटर घेऊन काय करू? रिकामं सगळं घरी आहेच.”

तर अख्खा आणला. बसमध्ये आईने त्याला खिडकीशी बसवलं. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, यांचं तिकीट? सगळी बस हसली. टोपीवाल्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. मीही हसले. आई हसली नाही. ती त्याच्या बाहीवरचं शेवाळ नखाने काढत होती.

आता तो पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत असतो. आई त्याच्याशी बोलते. तिला रात्रीची झोप लागायला लागली, जेवण वाढलं, आणि मी म्हटलं, असू दे, कुणाच्या बापाचं काय जातं? खरं सांगू का, मलाही बरं वाटत होतं. दुकानातून आले की चपला काढता काढता “बाबा, आज गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं” असं मीही बोलून जायचे. घरात परत तिघं होतो. एकदोनदा तो आदल्या दिवशीपेक्षा जास्त खिडकीकडे वळलेला वाटला, पण झाडताना खुर्ची हलते.

इथवर मी इकडचं तिकडचं लिहीत आले. आता ते लिहिते ज्यासाठी कागद घेतला.

शेडमधून निघताना आईने मास्तरांना एक विचारलं. मी पुतळ्याचे पाय दोरीने बांधत होते, पण सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, “माझ्या मुलाचे कपडे आणले तर भराल?”

मास्तर म्हणाला, “मुलगा आहे ना?”

“आहे. येत नाही.”

त्याने सुई खाली ठेवली. “मावशी, असलेल्या माणसाचे आम्ही भरत नाही. सुरुवातीला एकदा भरला. आमच्यातला एक लाइटवाला होता, गावाला गेला होता. पोरांनी गंमत म्हणून त्याचा शर्ट-पँट भरून त्याच्या जागी उभा केला. तो परत आला नाही. घरी पोचला नव्हता, इथेही आला नाही. शोध शोध शोधला. तेव्हापासून दुकानदाराला आधी विचारायचं, मालक गेलेत ना, आणि मगच गाठोडं घ्यायचं.”

आई “बरं” म्हणाली. बसमध्ये मला वाटलं, विसरली.

विसरली नव्हती. महिन्याभराने एका दुपारी मी घरी आले तर फरशीवर पेंढा. भांड्यांच्या दुकानातून, खोक्यांत घालतात तो, पोतंभर मागून आणलेला. आणि मांडीवर तुझी करडी पँट, कॉलेजातली. एक पाय भरून झाला होता. मी ओरडले, तिच्यावर मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी. मास्तर काय म्हणाला ते ऐकलंस ना, म्हटलं. ती शांतपणे सुतळी ओवत राहिली. म्हणाली, “यांना आणायला मला जंगलापर्यंत जावं लागलं. आता त्याच्यासाठी माझ्याच्याने तेवढं चालवणार नाही गं.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

दुसरा पाय तिने दोन दिवसांत भरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला, आठवतंय? मध्येच विचारलं, पाय कसे आहेत. तू हसलास. म्हणालास, “तुला कसं कळलं? गेले दोन-तीन दिवस गुडघ्याखाली काही जाणवतच नाही. खुर्चीवर बसून बसून असेल.” मी म्हटलं, असेल. शेजारी आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

असेलही तसंच. तू दिवसभर त्या नियंत्रण खोलीत बसतोस, कुणाचेही पाय आखडतील. मी शिकलेली बाई आहे. एकदा आई आंघोळीला गेल्यावर ती सुतळी सोडायला बसलेही. गाठीला हात लावला आणि मागे घेतला. भरल्याने काही होत असेल, तर उपसल्याने काय होईल हे मास्तरने सांगितलं नव्हतं. मग मी त्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “तो स्वतः घरी आला तर त्याच्या समोर सोडा. दुसरं मला ठाऊक नाही.”

गेल्या आठवड्यात तिने शर्टाला हात घातला, तो चौकड्यांचा. पोटापर्यंत आली. खालची बटणं लागली आहेत. मला दुसरं काही सुचेना, मी खोटं बोलले. म्हटलं, अगं, तो येतोय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिकीट काढलंय त्याने. तिने मान वर केली. बाबा गेल्यापासून तीन वर्षांत मी तिचा तसा चेहरा बघितला नव्हता रे. म्हणाली, “मग छातीचं राहू देते,” आणि सुई कापडात टोचून ठेवली.

आता ते तिच्या पलंगाशी भिंतीला टेकवलेलं आहे. पोटापर्यंत भरलेलं, त्याच्या वर शर्ट रिकामा लोंबतोय. रोज सकाळी ती विचारते, “रविवारी नक्की ना?” आणि मी नक्की म्हणते. पेंढ्याचं पोतं मी माळ्यावर टाकलं होतं. ते काल पुन्हा खाली आलेलं दिसलं. 

तुला हे सगळं वेड वाटो, हसू येवो, ताईचं डोकं फिरलंय असं वाटो, चालेल. फक्त फोन करून “येतो” म्हणू नकोस, तसं तू खूपदा म्हणाला आहेस आणि ती ऐकत असते. सुट्टी मिळत नसेल तर नोकरी सोड, आपलं काय ते बघू. पाय जाणवले नाहीत तरी उठ आणि त्यांच्यावरच चालत ये. पहिल्या रविवारी, उजेड असताना. मी आईला शब्द दिलाय, मला खोटी पाडू नकोस.

तुझी,
ताई