फोटोतली बाटली

ती. आईस,

१. सोमवारी प्रयोगशाळेत मी स्वादुपिंडाच्या पेशी कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवल्या.
२. कॅल्शियम मिळाल्याशिवाय त्या आपल्या पिशव्यांतलं इन्सुलिन बाहेर सोडत नाहीत.
३. मी कॅल्शियम देण्याआधीच पिशव्या रिकाम्या झाल्या.

सर म्हणतात, चूक माझीच. शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी हसून म्हणाली, "द्रावणाची बाटली बदलली असेल गं, होतं नवख्यांचं!" मी बाटलीबद्दल कुणालाच बोलले नव्हते.

तब्येत उत्तम आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

त्या सोमवारी सकाळीच माझ्या टेबलापाशी काढलेला फोटो तुला पाठवला होता, माझ्याकडे त्याची प्रत नाही. त्यात तू माझी गालफडंच पाहिली असशील. मागे ती बाटली आहे. तिच्यावरचं अक्षर माझंच आहे ना, नीट बघ. आता इथे आहे त्या बाटलीवरचं माझ्यासारखं आहे, पण माझं नाही.

माझ्या नोकरीचा निर्णय वीस तारखेला आहे. फोटो आणि उत्तर अठरा तारखेपर्यंत पाठव.

तुझी,
धाकटी