वेदीकडे पाठ करून बसणाऱ्यांसाठी

देवाने एखाद्याला दिलेलं कृपादान त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच्या नावे करता येतं का, याचं उत्तर मला माहीत नाही. वकिलांना विचारलं, तर ते हसले. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी प्रार्थना केली. तेव्हा जे नावे करता येतं ते आधी लिहिते.

मी, शुभांगी संतोष पाटोळे, वय सत्तावीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार नाशिक रोड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. आई म्हणते, असले कागद करू नयेत. दोघांचा मान राखून करते आहे.

१. घर माझ्या नावावर नाही. पोस्टातली शिल्लक माझी आई सौ. उज्वला हिला. ती तिने स्वतःवर खर्च करावी, मामाच्या ट्रॅक्टरवर नाही. पदवीची फ्रेमही तिचीच. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे पाहुण्यांना पाणी देण्याआधी आई ती फ्रेम दाखवते.

२. स्कूटर बाबांना. ते लायसन्स काढेपर्यंत चावी आईकडे.

३. वेदीवर फुलं लावण्याची माझी पाळी महिला मंडळाला परत. मला फुलं लावता येत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

४. आता मुख्य. माझा भाऊ ललित जन्मापासून बहिरा. त्याच्यामुळे मला खुणांची भाषा आली. तीच मी शाळेत शिकवते, आणि रविवारी उपासनेतलं वचन त्याला आणि चर्चमधल्या आणखी काही बहिऱ्या माणसांना हातांनी सांगते. हेच माझं कृपादान, असं मी मानते. आमच्या चर्चच्या मंडळीचे सचिव शेखरकाका त्याला हातवारे म्हणतात.

आधी मी पुढे, व्यासपीठाच्या बाजूला उभी राहायचे. काका म्हणाले, "पोरी, मागं जाऊन कर. लोक वचन सोडून तुझे हात बघतात." मी मागे, दाराजवळ गेले. साहजिकच बहिरी मंडळी माझ्याकडे तोंड करून बसली. पुढच्याच सभेत तक्रार आली, "हे लोक वेदीकडे पाठ करून बसतात!"

"काका, त्यांना माझे हात दिसायला नकोत का?"

"ग्रॅज्युएट झाल्यापासून उत्तरं लय यायला लागली तुला."

पाळकसाहेब मध्ये पडले. "बाळा, नम्रता हेसुद्धा कृपादानच आहे."

असेल. मला ते मिळालेलं नाही. जे मिळालं, ते चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून वापरायचं, असा ठराव झाला. त्यानंतर बहिऱ्यांपैकी दोघांनी येणं सोडलं. ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा ललितने खुणेने सांगितलं, "तू मेलीस तर रविवारी मी मस्त झोपणार." तो चेष्टा करत होता. अर्धी.

५. शेखरकाकांवरचा राग मी कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर संपावा. मी जगले, तर मात्र माझ्याकडेच राहील.

६. काकांची सून प्रतिभाताई वर्षभर दर शनिवारी माझ्याकडे खुणा शिकते आहे. तिचे हात माझ्यापेक्षा स्पष्ट आहेत, असं ललित म्हणतो. काकांचं म्हणणं, "शिकायला हरकत नाही. पण आमच्या घरची सून मंडळीसमोर उभी राहणार नाही." मी इथे लिहिलं होतं की माझ्यानंतर हे काम प्रतिभाताईने करावं. मग ते खोडलं. माझ्यानंतर सभा भरेल, पुन्हा ठराव होईल, आणि बहिरी माणसं घरी बसतील.

म्हणून काल रविवारी उपासनेआधी मी आणि ललितने बहिऱ्या मंडळींचं बाक उचलून पुढे मांडलं. पहिलं गीत संपल्यावर मी प्रतिभाताईला विचारलं, "उभी राहतेस?"

"अगं, आज वाचन मामंजींचं आहे!"

"मग तर बरंच."

ती व्यासपीठाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, थांबले, आणि पुढचं वचन वाचलं. तिने ते हातांनी सांगितलं. मी ललितशेजारी बसले आणि माझे हात मांडीवर ठेवले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

शुभांगी संतोष पाटोळे
नाशिक रोड, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. योगेश भालेराव, शेजारी
२. कलाबाई त्रिभुवन, निवृत्त परिचारिका