मोडलेले मनगट मूळ मालकाच्या नावे करण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्य नोंद अधिकारी,
शर्यत नियंत्रण कार्यालय,
कनिष्ठ सिंगल-सीटर मोटार शर्यत मालिका,
टायर गोदामाच्या वर, दुसरा मजला.

विषय: गाडी क्रमांक ८ च्या ड्रायव्हरच्या नावे नोंदलेले डाव्या मनगटाचे फ्रॅक्चर तिच्या नावावरून काढून, ते ज्याचे आहे त्याच्या, म्हणजे गाडी क्रमांक २१ च्या ड्रायव्हरच्या नावे, येत्या शनिवारपूर्वी करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र, "नोंद योग्य आहे." २) आपले दुसरे पत्र, "पहिले पत्र पाहावे." ३) आपल्या लिपिकांशी खिडकीवर झालेली चार संभाषणे. त्यांची नोंद आपल्याकडे नाही, माझ्याकडे आहे.

महोदय,

१. खाली सही करणारी मी बावीस वर्षे मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसाला एकच गोष्ट पाचव्यांदा शांतपणे सांगण्याची मला सवय आहे. आपल्या कार्यालयाला हे प्रकरण मी आता पाचव्यांदाच सांगत आहे.

२. गाडी क्रमांक ८ ची ड्रायव्हर माझी भाची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, जहाजावर नोकरीला असल्याने आपल्या कागदोपत्री पालक मी आहे. भाची अठरा वर्षांची असून आपल्या मालिकेच्या वयोमर्यादेप्रमाणे हा तिचा शेवटचा हंगाम होता. हंगामाची शेवटची शर्यत जो जिंकेल त्याला वरच्या वर्गाच्या संघाकडे एक दिवस गाडी चालवून दाखवण्याची संधी मिळते, आणि तिथे पसंत पडला तर तो व्यावसायिक ड्रायव्हर होतो, असे आपले माहितीपत्रक म्हणते. भाची आठ वर्षांची असल्यापासून या एका दिवसाची वाट पाहत होती. तो दिवस येता शनिवार आहे.

३. आपल्या मालिकेत सर्व गाड्या एकसारख्या आणि आपल्याच मालकीच्या असतात. ड्रायव्हरने फक्त हेल्मेट आणि स्वतःच्या अंगाच्या मापाची सीट आणायची. प्रत्येक गाडीत काडेपेटीएवढी एक लाल डबी एका स्क्रूने बसवलेली असते. गाडी रेषेवरून गेली की डबी वेळ कळवते, आणि डबी ज्याच्या नावावर असेल त्याला ती वेळ लागते. शर्यतीच्या सकाळी आपला तंत्रज्ञ सर्व डब्या काढून एका ट्रेमध्ये चार्जिंगला लावतो. तीन आठवड्यांपूर्वी, शेवटच्या शर्यतीच्या सकाळी, त्याने ८ ची डबी २१ मध्ये आणि २१ ची डबी ८ मध्ये परत बसवली. त्याने माझ्यासमोर हे कबूलही केले: "दोन्ही गाड्या निळ्या, ताई, आणि डब्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी. झालं असेल इकडचं तिकडं." लेखी द्या म्हटल्यावर त्याने कानांवर हात ठेवले.

४. पुढचे सारे रामायण त्या दोन स्क्रूंचे आहे. नवव्या फेरीत गाडी क्रमांक २१ वळणावरून घसरून खडीत गेली, टायरांच्या भिंतीवर आदळली, आणि तिच्या ड्रायव्हरचे डावे मनगट मोडले. तो तरुण सतरा वर्षांचा आहे. त्यानंतर सहा फेऱ्यांनी गाडी क्रमांक ८ सर्वांच्या पुढे रेषा ओलांडून गेली. हे स्टँडमध्ये बसलेल्या सर्व प्रेक्षकांनी पाहिले. गाडीवर ८ हा आकडा हातभर उंचीचा आहे. आपल्या पडद्यावर मात्र विजेता म्हणून त्या तरुणाचे नाव झळकले, कारण डबी त्याची होती.

५. विजेत्याला चौथऱ्यावर बोलावण्यात आले तेव्हा तो प्रथमोपचार कक्षात होता. शर्यत संपण्याच्या सात मिनिटे आधीपासून तो तिथेच होता. जिंकणारा माणूस जिंकण्याआधीच प्लास्टर घालून घेत होता, याचे आपल्यापैकी कोणालाही नवल वाटले नाही. वीस मिनिटे वाट पाहून चषक त्याच्या वडिलांच्या हाती देण्यात आला आणि त्यांनी तो डोक्यावर उचलून फोटो काढून घेतले. मुलाच्या हाताचे काय झाले, हे ते नंतर विचारायला गेले. माझी भाची त्या वेळी चौथऱ्याखाली हेल्मेट काखेत धरून उभी होती. कोणीतरी तिला बाजूला व्हायला सांगितले.

६. आता मनगटाबाबत. खडीत थांबलेली डबी भाचीच्या नावाची असल्याने आपल्या संगणकाने जखमीची चिठ्ठी तिच्या नावाने छापली. चिठ्ठीवर 'स्त्री, वय १८' असे होते. समोर बसलेल्या जखमीला मिशी फुटू लागली आहे आणि तिचा त्याला फार अभिमान आहे. डॉक्टरांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "नाव छापून येतं हो, मी फक्त हात बघतो." त्यांनी हात नीट बघितला यात शंका नाही. फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, तोवर गाडी चालवण्यास अपात्र, असा शेरा त्यांनी मारला. तो शेरा आज तीन आठवडे माझ्या भाचीच्या गळ्यात आहे. ती दोन्ही हातांनी कणीक मळते, सायकल चालवते, आणि आपल्या कागदावर जायबंदी आहे.

७. मी प्रथम गाडी क्रमांक ८ रेषा ओलांडत असल्याचे छायाचित्र घेऊन आले. खिडकीवरील लिपिक म्हणाले, "नोंद डबीची असते ताई, माणसाची नसते. फोटो काय, शोभेला असतो." मग मी निदान अपात्रतेचा शेरा काढा म्हणून विनंती केली. त्यावर बरे झाल्याचे प्रमाणपत्र आणण्यास सांगण्यात आले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून लिहून दिले की या मनगटाला नवे किंवा जुने कोणतेही फ्रॅक्चर नाही. हे प्रमाणपत्र आपण नामंजूर केलेत. कारण असे दिलेत की, जुळून आलेल्या हाडावर जुळल्याची खूण दिसते, या एक्स-रेवर ती नाही, सबब हा एक्स-रे भलत्याच व्यक्तीचा असावा. महोदय, भलतीच व्यक्ती आहे हेच मी तीन आठवडे सांगत आहे. आपण ते स्वतःहून शोधून काढलेत आणि उलट मलाच ऐकवलेत.

८. चौथ्या भेटीत मला प्लास्टर काढल्याचा पुरावा मागण्यात आला. प्लास्टर घातलेच नव्हते, तर काढायचे कुठून, असे मी विचारले. मग आता घालून घेऊ आणि सहा आठवड्यांनी काढू का, असेही मी रागाच्या भरात विचारले. लिपिक साहेबांनी पेन खाली ठेवून खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तसं केलंत तर फाईल पुढे सरकेल." त्यांचा स्वर सहानुभूतीचा होता, हे मी मान्य करते. मी जिन्यात बसून हसले आणि मग मला उठवेना.

९. येथवर हा अर्ज माझ्या भाचीचा होता. गेल्या सोमवारी गाडी क्रमांक २१ चा ड्रायव्हर माझ्या स्कूलवर आला. शिकाऊ मंडळींच्या बाकावर, हात गळ्यात अडकवून, तासभर बसून राहिला. मी त्याला आधी ओळख दिली नाही, कारण मनात राग होता. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मावशी, मी जिंकलो नाही. मी ऑफिसात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या नावावर इजा नाही, प्लास्टर हा तुमचा खाजगी प्रश्न आहे." मग त्याने सांगितले की त्याचे वडील शुक्रवारी त्याचे प्लास्टर कापून घेणार आहेत. हातमोज्याखाली घट्ट पट्टी बांधून शनिवारी त्याला गाडीत बसवणार आहेत. तू नाही म्हण, असे मी म्हटले. तो म्हणाला, "बाबांसमोर माझी टाप नाही." मी त्याच्या वडिलांना फोन केला. त्यांनी मला जळकी म्हटले आणि फोन ठेवला.

१०. वरच्या वर्गाच्या गाडीचे स्टीअरिंग इतके जड असते की धडधाकट ड्रायव्हरांचे हातही दिवसाअखेर थरथरतात. ती गाडी सरळ रस्त्यावर आपल्या गाडीच्या दीडपट वेगाने जाते. जुळत आलेल्या मनगटाने पहिल्या चार वळणांत काय होईल, हे सांगायला मोटारीचे ज्ञान लागत नाही. त्या संघाकडे मी विचारणा केली. ते त्या दिवशी कोणाची वैद्यकीय तपासणी करत नाहीत. आपल्या मालिकेची नोंद हीच तपासणी मानतात. आपल्या नोंदीप्रमाणे तो ठणठणीत आहे. जगात त्याला थांबवू शकेल असा एकच कागद आहे, आणि त्यावर माझ्या भाचीचे नाव आहे.

११. आपल्या नियम ४१ प्रमाणे एका शर्यतीतून उद्भवलेल्या नोंदींपैकी एकाच नोंदीवर, एकदाच, हरकत घेता येते. हरकतीच्या नमुन्यावर 'निकाल' आणि 'वैद्यकीय' अशा दोन ओळी असून एक खोडावी लागते. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत आहे. निकालावर हरकत घेतली तर भाची विजेती ठरते. शेरा तिच्या नावावर राहिला तरी जागा तिची होते, आणि तिला बरी झाल्यावर नंतरचा दुसरा दिवस देता येतो, असे त्या संघाने मला फोनवर सांगितले आहे. अर्थात निकाल दुरुस्त होण्यास आपल्याला एक महिना लागतो आणि तोवर येत्या शनिवारी तो तरुणच विजेता म्हणून गाडीत बसतो. वैद्यकीय नोंदीवर हरकत घेतली तर ती दुरुस्ती एका दिवसात होते. मात्र मग निकाल कायमचा पक्का होतो, आणि तो तरुण अपात्र ठरून जागा दुसऱ्या क्रमांकाला जाते. दुसरा क्रमांक माझ्या भाचीच्या चार सेकंद मागे होता. एका चुकीच्या दोन नोंदी करायच्या आणि त्यांतली एकच निवडा म्हणायचे, हे ज्याला सुचले त्याला मी माझ्या स्कूलमध्ये रिव्हर्ससुद्धा घेऊ देणार नाही.

१२. मी मंगळवारी नमुना भरला आणि 'वैद्यकीय' ही ओळ खोडायला पेन उचलले. लपवत नाही. त्याचा बाप बघून घेईल, असे मी मनाशी म्हटले होते. भाचीने पेन माझ्या हातातून घेतले. ती म्हणाली, "मावशी, त्याला शनिवारी त्या गाडीत बसवणार आहेत. आपण निकाल घेतला तर त्याला कोण थांबवणार?" मी तिला मूर्ख म्हटले. दहा वर्षे फुकट घालवतेस म्हटले, तुझ्या आईला काय सांगू म्हटले. ती म्हणाली, "आईला सांग, मी जिंकले होते." त्यानंतर आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. तिचा निर्णय मला आजही पटलेला नाही, आणि तरीही हा अर्ज घेऊन मीच आले आहे.

१३. सबब विनंती की, वरील फ्रॅक्चर उद्या शुक्रवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी गाडी क्रमांक २१ च्या ड्रायव्हरच्या नावे करावे आणि तसे त्या संघाला फोनवर नव्हे, लेखी कळवावे. निकालाबाबत आमची हरकत नाही, हे मी भाचीच्या वतीने लिहून देत आहे. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. चषक, पहिला क्रमांक आणि आपली लाल डबी आपल्याकडेच ठेवावी. तो मुलगा शनिवारी गाडीत बसता कामा नये.

नम्रता अजून थोडी शिल्लक आहे, तेवढ्यानिशी आपली,

(सही)
गाडी क्रमांक ८ च्या ड्रायव्हरची मावशी व पालक

गुरुवार, दि. १४
वेळ: दुपारी ४ वाजून १० मिनिटे (कृपया पोचवर हीच वेळ टाकावी)

सोबत:
१) हाडांच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र व एक्स-रे, आपण नामंजूर केलेला.
२) गाडी क्रमांक २१ च्या ड्रायव्हरचे निवेदन. तो डावखुरा असल्याने अक्षर वाचण्यास त्रास होईल.
३) गाडी क्रमांक ८ रेषा ओलांडत असतानाचे छायाचित्र. हे पुरावा म्हणून जोडलेले नाही. पाहून परत करावे, घरी दुसरी प्रत नाही.
४) हरकतीचा नमुना. 'निकाल' ही ओळ भाचीने स्वतः खोडली आहे.