ए विंगचा कोरिया

३ एप्रिल
देश मागे का राहतात, ते मला समजलं. खमक्या नेता नसतो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा मी कायमचा बिनविरोध अध्यक्ष. निवडणूकच घेत नाही, त्यामुळे वातावरण खेळीमेळीचं राहतं. हे मीटिंगमध्ये सांगत होतो, तर वाळूजच्या कंपनीत माझ्या हाताखाली राबलेला कडूबा मध्येच उठला. म्हणे, नियम सगळ्याला सारखा पायजे, तवाच देश पुढं जातो. नीच माणूस.

४ एप्रिल
फाळणी. ए विंग माझी, बी विंग कडूबाची. माणसं तीच, पाइपलाइन तीच. महिनाभर ज्याच्या विंगला पाणी नीट पुरेल, त्याच्याकडे अख्खी सोसायटी. कोरियाचं असंच झालं. दक्षिण कोरिया अर्थात आम्ही. कडूबानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

११ एप्रिल
नळाला आठवड्याचं पाणी आलं. ए विंगच्या व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे. मोटर लावून आधी माझी टाकी भरली. नेताच तहानला तर निर्णय कोण घेणार? बाकीच्यांना फक्त हवा आली. लोकांना धीर नाही, म्हणून देश गरीब राहतो. बी विंगमध्ये म्हणे सगळ्यांनी मोटरी काढल्या, खालच्या टाकीतून रोज वाटून घेतात. बावळट.

१८ एप्रिल
लोकांनी माझ्यापेक्षा मोठ्या मोटरी आणल्या. नेत्याचं अनुकरण करतात, चांगलं लक्षण. माझी टाकी अर्धीच भरली.
वरच्या मजल्यावरचा बन्सी बादल्या घेऊन बी विंगकडे जाताना सापडला. देश सोडून पळणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. मधल्या गेटला कुलूप ठोकलं. वच्छला म्हणाली, लोकांची लेकरं बिनअंघोळीची शाळेत जातात, लाज वाटू द्या जरा. बायकोला अर्थशास्त्र कळत नाही.

२५ एप्रिल
माझी मोटर जळाली. परकीय हात. उद्यापासून शिस्त आणखी कडक.

२ मे, सकाळी
टाकी ठणठणीत कोरडी. वच्छला घरात नाही. बादल्याही नाहीत. खिळ्यावर गेटची चावी नाही.
बी विंगकडे फक्त पाहणीसाठी गेलो. बादली सहज हातात होती. रांगेत अख्खी ए विंग उभी. कडूबाला म्हटलं, मी अध्यक्ष आहे. म्हणाला, व्हय, पर रांग तिकडून हाय.
भरल्या बादल्या घेऊन वच्छला शेजारून गेली. एक मला दे म्हटलं. म्हणाली, थांबा की, तुमचाही नंबर येतोय.
नंबर आला. पाणीही होतं. तेच सहन होत नाही.