गुणाजीबुवांची चढी पेटी

कासू, ता. पेण
रविवार

प्रिय नोमान,

हे पत्र रिझवानाचाचींच्या बॅगेतून तुझ्यापर्यंत येईल, म्हणजे सुक्या बोंबलांचा वास घेऊनच येईल. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला सात वर्षं झाली, त्यामुळे दुसरा रस्ता नव्हता. घाबरू नकोस, बँड परत सुरू करू या असं म्हणणार नाहीये. त्याला लागते तशी कंबर आता माझ्याकडे उरलेली नाही. आठवडाभर धाटावच्या कंपनीत पहिली पाळी होती, पहाटे पाचला बस. आज सुट्टी, तरी डोळे मिटताहेत. पण चाची बुधवारी तुझ्याकडे निघणार, म्हणून आजच लिहून टाकतो. अक्षर तिरकं जाईल, सांभाळून घे.

इथलं सगळं तसंच आहे. अर्शदने रोह्यात हार्डवेअरचं दुकान मोठं केलंय आणि पोटही. गिऱ्हाईक नसलं की अजून काउंटरवर दोन बोटांनी ठेका धरतो. पेणला विठूमामांचा गणपतीचा कारखानाही तिथेच आहे, आपल्या 'खारफुटी' बँडचा एकमेव स्टुडिओ. आठवतंय ना, विसर्जनानंतर शेड रिकामी झाली की मामा किल्ली द्यायचे, पण तेव्हा आवाज इतका घुमायचा की कामाचं काही रेकॉर्ड व्हायचं नाही. मग आपणच नव्या मूर्ती कधी वाढतील याची वाट बघायचो. तीन-चारशे कच्चे गणपती मांडून झाले की घुमणं बंद व्हायचं आणि अर्शद ड्रम लावायचा. त्या दिवसांत तो एक शिवी द्यायचा नाही. म्हणायचा, "नाय रे बाबा, चारशे जण ऐकतायत." तू हसून हसून मान डोलावायचास आणि टेक वाया जायचा.

'आगर' हा आल्बम माझ्या डोक्यातून निघाला, तेव्हा त्याचं सगळं पापही माझंच. बाबांनी आयुष्यभर मिठागरात काम केलं, ते कधी चार वाक्यं सलग बोलले नाहीत. मला त्यांचं अख्खं वर्ष गाण्यांत बसवायचं होतं: खाडीचं पाणी आत घेण्यापासून मीठ होडीत चढेपर्यंत. नऊ गाणी, मधे कुठे थांबा नाही, एक संपता संपता दुसरं त्यातून उगवायला हवं. एकसष्ट ट्रॅक. चार गिटारी एकमेकींत विणलेल्या, फावड्याचे आवाज, बायकांचा कोरस आणि खाली सतत गुणाजीबुवांची भजनाची पेटी. आठ गाण्यांत एकट्याचा आवाज नाही. नवव्यात सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि तू एकटा गातोस. सगळा डोलारा त्या साडेतीन मिनिटांसाठी होता. वेडेपणा होता, पण तुम्ही दोघांनी मला कधी तसं म्हटलं नाहीत.

तुझा आखातातल्या नोकरीचा व्हिसा आला तेव्हा पेटीसुद्धा रेकॉर्ड झाली नव्हती. मी तुला कागदावर पट्टी आणि लय लिहून दिली, काळी एक, चौऱ्याऐंशी, आणि म्हटलं, तिकडून गाऊन पाठव. तू आठ जणांच्या खोलीत राहत होतास. शुक्रवारी सगळे नमाजाहून बाजारात गेले की कपाटात शिरून, अंगावर ब्लँकेट घेऊन गायचास, हे अर्शदने मला नंतर सांगितलं. मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर सूर धरून गायलास. ते मी आमच्या ट्रॅकवर ठेवलं तर आवाज उतरलेला. परत मागितलं, तू परत पाठवलंस, तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं: "नोमान, तुझा कान गेलाय. राहू दे आता." त्या दिवशी कंपनीत साहेबाने मला झापलं होतं, हे कारण म्हणून सांगत नाहीये. तू ग्रुपमधून निघून गेलास, माझा नंबर ब्लॉक केलास. दुसरा गायक मी आणला नाही, दोघांना बोलावलं आणि चहा पाजून परत पाठवलं. आल्बम तसाच पडून राहिला.

दोन वर्षांपूर्वी अर्शदच्या लग्नाला तू आलास. जेवणं झाल्यावर त्याच्या मामाने तुला आग्रह केला, व्हय नाय करू नको, गा एक. मी तुझ्या मागेच उभा होतो, हातात आइस्क्रीमची वाटी. तू हसून म्हणालास, "नाय मामू, माझा सूर जातो." इतक्या सहज म्हणालास की कुणी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. मी तिथून निघालो आणि बाईकवर निडीपर्यंत हेल्मेट घालायचंही विसरलो. माझी लाज वाटली मला. तरीसुद्धा तेव्हा मनात होतंच की जे लिहिलं ते कडू असलं तरी खरं होतं. त्यावर मी इतकी वर्षं काढली.

दसऱ्याच्या सुमाराला मी ते सगळं पेणच्या मृणालीकडे नेलं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, पंचविशीची मुलगी, कान तिखट. म्हटलं, आवाजाशिवाय का होईना, जुळवून टाक, एकदाचं मिटू दे. तिने पहिलंच गाणं लावलं आणि विचारलं, "दादा, सगळंच चढं का हाय?" तिने सूर मोजायचा ट्यूनर लावला. गिटारी, बेस, पेटी, सगळ्यांचा काटा हिरव्या रेघेच्या उजवीकडे. आणि मला एकदम आठवलं, नोमान. पेटीचे सूर गिटारीसारखे पिळून हलवता येत नाहीत, म्हणून आम्ही गिटारी पेटीला लावल्या होत्या, कानाने. त्या दिवशीही काटा उजवीकडे जात होता, मी बघितला होता आणि ट्यूनर खिशात टाकला होता. पन्नास वर्षं गावाचं भजन जिच्यावर चाललं त्या पेटीवर शंका घ्यायची कुणाची छाती होती? तिची काळी एक तुझ्या तंबोऱ्याच्या काळी एकपेक्षा चढी होती, एवढंच. ते तुला कळवायला हवं होतं आणि मी विसरलो. मृणालीने तुझ्या तिन्ही फाइल लावल्या. काटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरव्या रेघेवर. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. ती चहा घेऊन आली.

ती म्हणाली, तुझा आवाज कॉम्प्युटरवर थोडा वर सरकवला की बसेल, दोन मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. तुझ्या आवाजाला आता मी हात लावणार नव्हतो. उतरायचं तर आम्हीच. आणि मधे थांबा नाही, त्यामुळे एक गाणं उतरवून भागेना, आधीची आठही उतरवावी लागली. बुवांकडे गेलो. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, सगळं दोनदा सांगावं लागलं. ते पेटीकडे बघत बसले आणि म्हणाले, "माज्या पेटीपायी त्या पोराचा आवाज गेला? उतरव तिला." कारागीर आला, आतली एकेक पितळी पत्ती काढून खरवडत त्याने दोन दिवसांत पेटी खाली आणली. भजनी मंडळ महिनाभर कुरकुरत होतं की अभंगात जोर येत नाही. बुवा त्यांना ऐकू न आल्यासारखं करायचे. कोरसच्या बायका परत जमल्या, त्यातली धोंडुबाई मात्र आता नाही. ड्रमला सूर नसतो, म्हणून अर्शद तेवढा सुटला. बाकी चारही गिटारी आणि बेस मी परत वाजवले, पाळी सुटल्यावर, मूर्ती वाढत गेल्या तसतसे. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. काही जागा सोप्या करून घेतल्यात, तू ओळखशीलच. गेल्या आठवड्यात संपलं. आनंद वगैरे झाला नाही, फक्त खूप झोप आली.

पोह्याच्या पापडांच्या डब्यात, तळाशी, पेनड्राइव्ह आहे. नवव्या गाण्यात तुझी तिसऱ्या वेळची फाइल आहे, जशीच्या तशी. तुला नको असेल तर कळव, कुणालाही न ऐकवता काढून टाकीन. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही, आणि माफीसाठीही नाही, ती मागायची माझी लायकी नाही. मागच्या शुक्रवारी मी चाचींना विचारायला गेलो होतो, एवढं न्याल का म्हणून. त्या तुझ्या लेकीचे, सहरचे फोटो दाखवत होत्या. दीड वर्षाची झाली, तुझंच नाक घेतलंय. दाखवता दाखवता त्या म्हणाल्या, पोरीला झोपवताना नोमान मोबाईलवर गाणी लावून देतो, स्वतः गात नाय, मला सूर नाय म्हणतो. मला तिथे बसवेना. म्हणून लिहितोय. त्या नऊ गाण्यांत सुरात एकटा तूच होतास, नोमान. आज सहरला झोपवताना मोबाईल बाजूला ठेव.

तुझाच, सात वर्षं चढ्या सुरात राहिलेला,
प्रणित