बेहालातला बेवारस डबा

बेहाला, कोलकाता
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप उषाआत्या,

तुला आणि काकांना मृणालचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? खालच्या मजल्यावरच्या अलकाकाकूंशी बोलणं सुरू झालं का? (सख्ख्या जावांनी तीन वर्षं अबोला धरावा असं काय झालं, ते मला कुणी सांगितलंच नाही.) मी खुशाल आहे. पुढचं वाचताना हे वाक्य विसरू नकोस.

इथे सुट्टीच्या दिवशी मी जिओकॅशिंग करते. लोक कुठेतरी डबा लपवतात आणि जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर देतात. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तिथेच ठेवायचा. बक्षीस काही नाही. अनोळखी माणसांवर इतका विश्वास टाकणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. (हसू नकोस.) डमडमपासून बजबजपर्यंत अकरा डबे शोधल्यावर वाटलं, एक आपणही लपवावा. प्लास्टिक मला पटत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी पदवीधर झाले तेव्हा तू पेढे भरून दिलेला स्टीलचा डबा घेतला आणि वही घालून काल गल्लीच्या तोंडाशी वडाच्या ढोलीत ठेवला. शेजारच्या चहावाल्या दादांना तसं सांगितलंही होतं.

आज सकाळी दूध आणायला गेले तर वडाभोवती दोरी, पोलीस आणि अख्खी गल्ली. बेवारस डबा! बॉम्ब तपासणारं पथक निघालं होतं. आत्या, माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. पोलिसांत नाव गेलं तर कायम होण्याचा कागद तिथेच अडकेल. दूध न घेताच मी घराकडे वळलेही. (हे फक्त तुला सांगते.) मग एक गृहस्थ चहावाल्या दादांकडे बोट दाखवून म्हणाले, हाच दिवसभर इथे बसतो, ह्यालाच धरा. दादांनी किटली खाली ठेवली, पण माझं नाव घेतलं नाही. मी दोरीखालून आत गेले आणि म्हणाले, "ओटा आमार." माझा आहे तो.

पथकाने डबा उघडला. वही निघाली. गर्दी जरा हिरमुसलीच. पण मोठ्या बाबूंनी (ठाण्याच्या प्रमुखांना इथे असंच म्हणतात) डबा फिरवून कोरलेली अक्षरं वाचली. "ये उषा कौन है?"

"मेरी बुआ. उन्होंने दिया है."

"देनेवाला अपना नाम लिखता है?"

मी सांगितलं, आमच्याकडे भांडं देताना नाव घालूनच देतात. त्यावर गर्दीतले आमच्या गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, मग ते दिलं कसं म्हणायचं? माझ्या आधार कार्डावर मृणाल, डब्यावर उषा. म्हणजे मी कुणाला तरी वाचवते आहे असं बाबूंचं मत झालं. डबा तूच दिलास असं तुझं सहीचं पत्र पंधरा दिवसांत आलं नाही, तर ते माझ्या ऑफिसला कळवणार आहेत.

मजकूर मी लिहून सोबत ठेवला आहे. शाईने सही कर आणि स्पीड पोस्टाने पाठव. फोटो चालत नाही, म्हणून तर फोन न करता हे पत्र.

तुझी,
मृणाल

ता. क. मजकुराखाली सहीच्या जागा दोन आहेत. डबा तुझा असला तरी झाकणावर 'सौ. अलका हेमंत' कोरलंय, हे बाबूंनी निघताना पाहिलं. ठाण्याच्या हिशेबी आता दोन बायका आहेत.

ता. क. २. अबोला कशावरून, ते मला आता कळलं. मी पोलिसांच्या दोरीखालून गेले, तुला एकच जिना उतरायचा आहे. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस.